दाढ, भूल आणि साकू

"दाढ काढायला भूल कशाला पाहिजे? दाढ माझी, तोंड माझं, मी बसतो की गप!"

नरसिंगरावांनी ही घोषणा ऐन जेवणाच्या टेबलावर केली. पण त्यांचा उजवा गाल इडलीसारखा फुगलेला असल्यामुळे समोर बसलेल्या मुलाला आणि सुनेला त्यातलं "गप" एवढंच नीट ऐकू आलं. दोघं गप्प बसले. नरसिंगरावांना वाटलं, आपला मुद्दा पटला!

तसं पटायला हरकतही नव्हती. माणसानं उभा जन्म बेंगळुरूच्या मल्लेश्वरमात अस्तर, बटणं आणि दोऱ्यांचं दुकान चालवलेलं. टेलर लोक ओठात टाचण्या धरून त्यांच्याशी तासन्‌तास गप्पा मारायचे. अशा माणसाला सुईची भीती वाटेल का?

वाटत होती. चांगली सडकून वाटत होती! डॉक्टर पवित्रांच्या खुर्चीत ते पहिल्यांदा बसले, तेव्हा असे काही थरथरले की शेजारच्या ट्रेमधली हत्यारं किणकिणायला लागली. "एसी फार आहे," नरसिंगराव म्हणाले. डॉक्टरांनी एसी बंद केला. हत्यारं किणकिणतच राहिली.

मग डॉक्टर पवित्रांनी त्यांना कन्नडमध्ये, लहान मुलाला समजावतात तसं समजावलं. "अंकल, दाढेची मुळं आकड्यासारखी वाकलीयत. कापून काढावी लागेल. तुम्ही असे हललात तर मला जमणार नाही. आपण झोपेचं औषध देऊ या. बेशुद्ध नाही हं, नुसती गुंगी. उठलात की दाढ गायब!"

ते "उठलात की" हेच तर नरसिंगरावांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

गेल्या वर्षी त्यांच्या बायकोला, कृष्णवेणीबाईंना, अशाच एका साध्या ऑपरेशनसाठी आत नेलं होतं. तिथल्या डॉक्टरांनीही सांगितलं होतं, झोप लागेल, उठल्या की झालं. त्या उठल्याच नाहीत. कुणाची चूक नव्हती, हृदयानंच दगा दिला, असं सगळे म्हणाले आणि नरसिंगरावांनी ते मानलंही. मानून काय होतं? आत जाताना तिनं काढून दिलेल्या बांगड्या त्यांनी रुमालात बांधून मांडीवर धरल्या होत्या. त्या रुमालाची गाठ अजून सुटली नव्हती. दुकान भाच्याच्या हवाली करून ते व्हाइटफील्डला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, तेव्हा तो रुमालही तसाच आला आणि कपाटात कपड्यांखाली जाऊन बसला.

हे मुलाला सांगायची सोय नव्हती. आई त्याचीही गेली होती. तेव्हा नरसिंगरावांनी शूरपणाचा आव आणायचं ठरवलं, आणि तो आव असा इडलीच्या गालातून बाहेर पडला.

"अण्णा, डॉक्टर सांगतायत तर घ्या की इंजेक्शन," मुलगा, किरणकुमार, लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणाला. "स्वल्प ॲडजस्ट करा."

"दाढेत काय ॲडजस्ट करायचं रे?"

"टेन्शन नका घेऊ अण्णा, मी येते ना बरोबर," सिद्धी म्हणाली. सिद्धी म्हणजे सून. पुण्याची, कामाला चपळ, मनानं चांगली, आणि आपण आता कन्नड शिकलो अशा समजुतीत असलेली. तेवढ्यात तिनं वांग्याची भाजी वाढायला घेतली. कृष्णवेणीच्या हातची आठवावी अशीच तर्री होती वर. नरसिंगरावांच्या तोंडून अगदी नकळत निघून गेलं, "साकू..."

सिद्धीनं लगेच पळी मागे घेतली आणि भांडं झाकून आत नेऊन ठेवलं.

नरसिंगराव रिकाम्या वाटीकडे बघत राहिले. गेले कित्येक महिने हे असंच चाललं होतं!

आता हा घोटाळा नीट सांगायला हवा. कन्नडमध्ये "साकु" म्हणजे पुरे, बस, आणखी नको. बेंगळुरूत हा शब्द सकाळपासून रात्रीपर्यंत कानावर पडतो. पण नरसिंगरावांच्या घरात त्याला बंदी होती. त्यांच्या आईचा दंडक होता, बाहेर काय वाटेल ते बोला, उंबऱ्याच्या आत मराठी! आणि अशा घरात दावणगेरेच्या मराठी कुटुंबातली कृष्णवेणी लग्न होऊन आली. तिच्या माहेरी स्वयंपाकघरात कन्नडच जास्त. पहिल्याच जेवणात, पंगतीत सगळ्यांसमोर, नव्या नवरीच्या ताटात सासूबाई सार वाढायला लागल्या आणि ती हात आडवा धरून म्हणाली, "साकु!"

"पुरे म्हण," सासूबाई म्हणाल्या.

"पुरे साकु," ती घाबरून म्हणाली. पंगत हसली. तिचे डोळे भरून आले. तेव्हा नरसिंगरावांनी, वाढायचं काम मुळीच त्यांचं नसताना, पळी उचलली आणि तिच्या ताटात आणखी थोडं सार ओतलं. ती रडता रडता हसली.

त्या दिवसापासून ती त्यांची साकू झाली. चारचौघांत नाही हं! चारचौघांत "अहो" आणि "अगं". पण दोघंच जेवायला बसली की ती ताटावर हात धरून "साकु" म्हणायची आणि ते "साकू, एकच" म्हणून एक पळी जास्त वाढायचे. आयुष्यभर हा खेळ चालला. मुलाला पत्ता नव्हता, कुणालाच नव्हता.

आणि शेवटच्या वेळी तो खेळ अर्धा राहिला. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी ते तिला चमच्यानं अंबील भरवत होते. ती म्हणाली, "साकु." त्यांनी नेहमीसारखा आणखी एक चमचा भरला. तेवढ्यात नर्स आली. आता पोटात काही जाता कामा नये म्हणून तिनं वाटी उचलली, आणि भरलेला चमचा नरसिंगरावांच्या हातातच राहिला.

तो एक चमचा त्यांना काही केल्या विसरता येत नव्हता. त्यात हे असलं शहर! हॉटेलात कुणी सांबार वाढणाऱ्याला थांबवतो, "साकु." गाडी मागे घेणाऱ्याला वॉचमन ओरडतो, "साकु, साकु!" आणि नरसिंगराव दर वेळी वळून बघतात. घरात कधी एखादा पदार्थ तिच्या आठवणीचा निघाला की नाव तोंडातून निसटतं. सिद्धीला वाटतं, सासरे पुरे म्हणाले. बिचारी वाढणं थांबवते. "अगं, ती माझ्या बायकोला हाक होती, वांगी वाढ" हे सुनेला कोणत्या तोंडानं सांगणार? त्यापेक्षा अर्धपोटी उठणं सोपं होतं.

दाढेचं ठरल्यावर त्यांनी मल्लेश्वरमच्या जुन्या मित्राला, भीमाचार्यांना, फोन केला. धीर मिळावा म्हणून केला. तीच चूक झाली.

"भूल?" भीमाचार्य पलीकडून ओरडले. "नरसिंगा, सांभाळ बाबा! भुलीत माणूस खरं बोलतो. माझ्या मेव्हण्यानं भुलीत सगळ्या नातेवाइकांसमोर सांगितलं की बायकोचा बिसीबेळे भात त्याला लग्नापासून आवडलेला नाही. आता ती रोज तोच करते!"

म्हणजे आता भीती दुहेरी झाली. झोप लागली तर उठू की नाही ही एक. आणि उठेपर्यंत सुनेसमोर, परक्या डॉक्टरांसमोर साकूचं नाव तोंडातून जाईल ही दुसरी. तिचं असं, फक्त त्यांच्या एकट्याजवळ उरलेलं, ते एक नाव होतं. ते असं तोंडाचा आ वासून, लाळ गळत असताना सगळ्यांत वाटायचं?

आदल्या दिवशी डॉक्टर पवित्रांनी तपासायला बोलावलं. वजन घेतलं. काटा बघून सिद्धी म्हणाली, "बघा ना डॉक्टर, काही खातच नाहीत. दोन घास घेतले की झालं यांचं." नरसिंगराव छताकडे बघत राहिले.

"अंकल, घाबरायचं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "गुंगीत तुम्हाला माझा आवाज येत असेल. कुठं दुखलं, नको वाटलं, तर फक्त 'साकु' म्हणा. त्या क्षणी मी थांबणार. प्रॉमिस!"

सगळ्या कन्नड भाषेत या बाईंना हाच शब्द सापडावा!

"दुसरा एखादा शब्द नाही का चालणार?"

"का? साकु सोपा आहे. गुंगीतसुद्धा जीभ वळते."

तीच तर अडचण होती!

"पुरे म्हटलं तर?"

"पूरी?" डॉक्टर हसल्या. "उद्या उपाशीपोटी यायचंय म्हणून आत्ताच भूक लागली?"

"मग हळू म्हणतो. आमच्यात हळू म्हणजे सावकाश."

"अय्यो अंकल! तुम्ही 'हल्लु हल्लु' म्हणालात तर मला वाटेल दात दाखवताय. मी आणखी जोर लावीन!"

कन्नडमध्ये हल्लु म्हणजे दात, हे नरसिंगरावांना काय माहीत नव्हतं? पण बुडत्या माणसाला तेवढा विचार सुचत नाही.

"बरं, मी हात वर करतो."

"एका हाताला सलाईन, दुसऱ्याला बीपीचा पट्टा. कुठला करणार? साकुच राहू दे, सरी?"

"सरी," नरसिंगराव म्हणाले. त्यांना आपण कसल्या तरी कागदावर अंगठा देऊन बसलो असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते खुर्चीत आडवे झाले तेव्हा निदान सिद्धी उशाशी होती. भूलतज्ज्ञ डॉक्टर वेणुगोपाल भारदस्त मिशांचे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी सुई लावली. डॉक्टर पवित्रांनी आरसा हातात घेतला आणि गोड आवाजात म्हणाल्या, "बायि तेगीरि."

म्हणजे तोंड उघडा. साधं कन्नड. पण सिद्धीचं कन्नड सोसायटीच्या वॉचमनकडून आलेलं. तो रोज सकाळी तिला म्हणायचा, "मॅडम, गाडी तेगीरि!" म्हणजे गाडी हलवा. तेव्हा "बायि तेगीरि" म्हणजे काय झालं? बाईंना हलवा!

सिद्धीचा चेहरा उतरला. "मी जाते बाहेर," ती म्हणाली. "पण नीट सांगितलं असतं तरी गेले असते मी!"

"हिही! हाऊ हको!" नरसिंगराव तोंडातल्या आरशाभोवतून ओरडले.

"छान उघडलंत अंकल, असंच ठेवा," डॉक्टर म्हणाल्या. दार लागलं. आत मराठी समजणारं कुणी उरलं नाही.

औषध हाताच्या शिरेतून गार गार वर चढत गेलं. नरसिंगरावांनी ओठ घट्ट मिटायचा प्रयत्न केला, पण दातांमध्ये रबराचा ठोकळा होता. त्यांनी मनाशी घोकायला सुरुवात केली. साकू म्हणायचं नाही, साकू म्हणायचं नाही, साकू... आणि घोकता घोकता ते मल्लेश्वरमच्या स्वयंपाकघरात पोचले.

ती जमिनीवर मांडी घालून बसली होती. आजारातली नव्हे, त्याच्याही आधीची, अंगानं भरलेली. ताट पुढ्यात, चेहऱ्यावर तो लटका राग. नरसिंगरावांच्या हातात पळी होती. अंबील होती की सार, ते काही दिसत नव्हतं. पण पळी भरलेली होती, आणि मध्ये कुठली नर्स नव्हती. त्यांच्या छातीत एवढा आनंद दाटला की त्यांना रडूच यायला लागलं.

"साकू," ते म्हणाले, "एकच."

"अंकल! अंकल! नोवागुत्ता?" स्वयंपाकघराचं छत बोललं. दुखतंय का?

पळी विरघळली. मोठा उजेड, हिरवा मास्क. मग मास्क बाजूला झाला, उजेड मिटला आणि ती पुन्हा दिसली. या वेळी ती ताटावर हात आडवा धरून हसत होती. ते चार पावलं पुढे गेले.

"साकू, घे की गं."

"अंकल! नोवागुत्ता? निल्लिसला?" थांबवू का?

असं किती वेळा झालं कुणास ठाऊक! ते पळी भरून निघायचे, हाक मारायचे, आणि हाकेसरशी त्यांना कुणीतरी काखेत धरून उजेडात ओढून आणायचं. शेवटी शेवटी तर ते तिच्या अगदी जवळ पोचले होते. तिच्या बोटांवरची हळद दिसत होती. पळी वाकडी करायचीच काय ती बाकी होती.

"साकू..."

"साकु, साकु! आयतु अंकल, झालं! आम्ही थांबलो!" डॉक्टर पवित्रा मोठ्यानं म्हणाल्या आणि सगळे दिवे लागले.

नरसिंगरावांनी डोळे उघडले. आपण उठलो, जिवंत आहोत, हे त्यांना कळलं, पण त्याचा म्हणावा तसा आनंद होईना. सवयीनं त्यांनी जीभ फिरवली. दाढ जागच्या जागी होती! दुकानाच्या पाटीसारखी!

"आम्ही सुरूच केलं नाही अंकल," डॉक्टर पवित्रा रडवेल्या होऊन सांगत होत्या. "दातांतला ठोकळा काढला, तरी मी सुई उचलली की तुम्ही साकु म्हणायचात. खाली ठेवली की गप्प. आणि तेसुद्धा हसत! पेशंट नको म्हणतोय तर नको, असं हे म्हणाले. मी प्रॉमिस केलं होतं ना?" वेणुगोपालांनी मिशीतून मान हलवली. "शेवटी तुमच्या सुनेला आत बोलावलं. म्हटलं, हे साकु म्हणतात आणि वर 'घे' म्हणतात, ते 'घे' काय आहे?"

सिद्धी उशाशी उभी होती. ती नरसिंगरावांकडे बघत होती आणि तिचे डोळे लाल झाले होते.

परतीच्या वाटेवर कॅब ट्रॅफिकमध्ये अडकली. पुढे एक टँकर, मागे ऑफिसच्या गाड्यांची रांग.

"अण्णा," सिद्धी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पुरे या शब्दाला कुणी गं म्हणत नाही."

नरसिंगरावांनी झटकन तिच्याकडे पाहिलं.

"तुम्ही म्हणालात, साकू, घे की गं. मी ऐकलं. साकू म्हणजे..." ती त्यांच्याकडे वळली. "साकू म्हणजे आई, ना?"

त्यांनी मान हलवली. खोटं बोलायची ताकद नव्हती, औषध अजून पुरतं उतरलं नव्हतं. मग त्यांनी सगळं सांगितलं. पंगत सांगितली, सार सांगितलं, हातात राहिलेला चमचा सांगितला. ड्रायव्हरला मराठी येत नव्हतं, तरी त्यानं रेडिओ बंद केला.

सिद्धी ऐकत होती. ऐकता ऐकता तिला अचानक काहीतरी आठवलं आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"म्हणजे वांग्याची भाजी! परवाची खीर! पुरणपोळी केली तेव्हासुद्धा तुम्ही... अण्णा! तुम्ही पुरे म्हणतच नव्हतात!"

"नव्हतो की."

"मग सांगायचं ना मला! मी इतके महिने तुम्हाला उपाशी ठेवलं!" आणि ती ओढणीत तोंड लपवून हुंदके द्यायला लागली.

"तसं नव्हं गं पोरी," नरसिंगराव तिच्या डोक्यावर थोपटत म्हणाले. "नाश्ता व्हायचा की पोटभर. उप्पिट काही तिला आवडायचं नाही."

दाढ मात्र काढायचीच होती. गाल पुन्हा फुगला. पुढची तारीख ठरली, आणि या वेळी घरात एक नवल घडलं. नरसिंगराव सकाळीच उठून दाढी करून तयार! निळा शर्ट घातला. त्याची बटणं त्यांच्याच दुकानातली, कृष्णवेणीनं लावलेली. किरणकुमारनं रजा काढली होती. तो बघतच राहिला.

"अण्णा, एवढे घाबरत होतात. आज काय लग्नाला निघालात?"

नरसिंगराव कॉलर नीट करून निघाले. क्लिनिकमध्ये गेल्यावर त्यांनी डॉक्टर वेणुगोपालांना हळूच बाजूला घेतलं.

"डॉक्टर, औषध तेच आहे ना? मागच्या वेळचंच?"

"तेच. का?"

"छान होतं," नरसिंगराव लाजून म्हणाले. "घाई करू नका. झोप स्वल्प लांबली तरी चालेल."

ज्या झोपेला ते एवढे घाबरत होते, तिच्याच दारात ते आता स्वच्छ दाढी करून उभे होते. भरलेली पळी या वेळी ताटापर्यंत पोचवायची होती. सिद्धीनं डॉक्टर पवित्रांना आधीच सगळं समजावलं होतं, आता साकू म्हटलं तरी कुणी थांबणार नव्हतं. मधे कुणी येणार नव्हतं.

सुई लागली. हात गार झाला. नरसिंगरावांनी डोळे मिटले आणि पळी घट्ट धरल्यासारखी मूठ आवळली.

"झालं अंकल! सूपर!"

त्यांनी डोळे उघडले. गालात कापूस होता. ट्रेमध्ये आकड्यासारख्या मुळांची ती दाढ पडली होती आणि सगळे हसत होते.

काहीच दिसलं नव्हतं. स्वयंपाकघर नाही, ताट नाही, ती नाही. मिटले आणि उघडले, एवढंच. मधला सगळा वेळ कुणीतरी कात्रीनं कापून फेकला होता.

"या वेळी मी डोस थोडा वाढवला," वेणुगोपाल म्हणाले. त्यांनी इतकं मोठं वाक्य बोलायची ही पहिलीच वेळ असावी. "म्हटलं, मागच्यासारखा त्रास नको. अजिबात बोलला नाहीत. शांत झोपलात."

एवढा चांगला माणूस, आणि चांगल्या मनानं केलेलं काम! त्याला काय बोलणार? नरसिंगरावांनी पुन्हा डोळे मिटून पाहिले. पापण्यांमागे दिव्याचा लाल उजेड होता, बाकी काही नव्हतं. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं ते थांबेना.

"दुखतंय का अंकल?" डॉक्टर पवित्रांनी घाबरून विचारलं.

त्यांनी हो म्हणून मान हलवली. तेच सांगायला सोपं होतं.

घरी आल्यावर किरणकुमारनं त्यांना उशी लावून बसवलं. सिद्धीनं गार केलेली अंबील आणली. भांडं, वाटी, आणि वाढायला पळी. डॉक्टरांनी आज गार आणि पातळ तेवढंच द्यायला सांगितलं होतं. नरसिंगरावांची गुंगी अजून पुरती उतरली नव्हती, म्हणून तीच भरवायला बसली. ते मुकाट्यानं गिळत गेले. चव कळत नव्हती. वाटी संपली.

"साकु," ते म्हणाले.

या वेळी खरंच पुरे झालं होतं. हाक नव्हती, आठवण नव्हती, साधा कन्नड शब्द होता. सिद्धीची पळी भांड्यावर थांबली. तिनं एकदा त्यांच्याकडे बघितलं. मग पळी बुडवली, काठोकाठ भरली आणि वाटीवर आणली.

नरसिंगरावांनी घाईघाईनं वाटीवर हात आडवा धरला.

"एकच, अण्णा," सिद्धी म्हणाली. तिनं पळी वाकडी केली आणि गार अंबील त्यांच्या बोटांमधून वाटीत उतरली.

नरसिंगराव आपल्या हाताकडे बघत राहिले. ताटावरचा हा हात त्यांनी आयुष्यभर समोरून बघितला होता. तो असा आपला असतो तेव्हा कसं वाटतं, हे त्यांना आज कळलं. ती उगाच हसायची नाही. पोट भरलेलं असायचं, तरी ती पळी हवीच असायची. त्यांनी ती अंबील शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. रडत रडत प्यायली, आणि किरणकुमारनं काही न विचारता त्यांची बोटं पुसली.

मात्र सिद्धी एवढ्यावर थांबली असती तर ती सिद्धी कसली! इतक्या महिन्यांची भरपाई आजच करायची असं तिनं ठरवलेलं दिसलं. पळी पुन्हा भरली.

"साकु, साकु!" नरसिंगराव ओरडले.

"हो अण्णा, कळलं मला," ती डोळे पुसत म्हणाली आणि आणखी वाढलं.

पोटाला तड लागली. आता हिला थांबवायचं तरी कोणत्या शब्दानं? शेवटी त्यांना आईचा दंडक आठवला आणि कापसाच्या बोळ्याआडून त्यांनी जीव तोडून शुद्ध मराठीत सांगितलं, "फूऱ्ही! फूऱ्ही!"

"पुरी उद्या करते हं अण्णा," सिद्धी मायेनं म्हणाली. "आज फक्त अंबील."